कोपराची नक्कल

"तुझं कोपर नकोय मला, भरू. तुझ्या कोपराची नक्कल पाहिजे," अक्का म्हणाली.

"का? खऱ्याला काय झालंय?"

"खऱ्याला तोंड आहे. आणि ते सारखं चालू असतंय."

"ह्याच तोंडानं आजवर सांगितलं ना तुला, अक्का खड्डा, अक्का पायरी, अक्का म्हैस."

"म्हैस आपटल्यावर सांगितलीस."

"भांडा," आई आतून म्हणाली, "पण ताटावर बसून भांडा. दिवस मावळायला आलाय."

आम्ही जैन. आमच्याकडं सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, नंतर आई पाणीसुद्धा घेत नाही. त्यामुळं आमची भांडणंपण उजेडातच होतात. मी ताटावर बसलो. भाकरी मोडली ती कोणाची तरी मान मोडावी तशी. कारण फिनलंड माझ्या हातातनं गेलं होतं.

अक्का म्हणजे चंदना मगदूम, माझी मोठी बहीण. तिला जन्मापासून दिसत नाही. ती बी.एड. झाली आणि मिरजेतच एका बालवाडीत पोरांना टाळ्यांवर पाढे शिकवायला लागली. तिची एका कार्यक्रमात निवड झाली होती. बऱ्याच देशांतली अपंग पोरं-पोरी वर्षभर दुसऱ्या देशात जाऊन तिथल्या साध्या शाळांत काम करतात, आणि तिकडची अपंग पोरं तशीच इकडं येतात. अदलाबदल. अक्काच्या वाट्याला फिनलंडमधलं ओउलू नावाचं शहर आलं. नियम असा होता की सोबत एक माणूस न्यायचा असेल तर न्या, त्याचं सगळं ते बघणार. नाहीतर एक यंत्र घ्या. त्या यंत्राला सगळे कोपरच म्हणायचे.

माणूस म्हणजे मीच, असं मी धरून चाललो होतो. दुसरा कोण? मी शाळा सोडलेली, कामधंदा नाही, आणि लहानपणापासून अक्का माझंच कोपर धरून चालत आलेली. दिसत नसलेल्या माणसाला हात धरून ओढायचं नसतं. त्यानं आपलं कोपर धरायचं आणि अर्धं पाऊल मागं चालायचं. हे मला चालता यायला लागल्यापासून येतंय. पासपोर्टसुद्धा काढून झाला होता. त्यातल्या फोटोत मी मोबाईल चोरल्यासारखा दिसतो, पण काढला होता.

"बाकीचे सगळे एकटे येणार," अक्का म्हणाली. "मी भाऊ घेऊन गेले की लोक तुझ्याशीच बोलणार. बँकेत काय होतं? मी शेजारी उभी असते आणि तो माणूस तुला विचारतो, ह्यांना सही येते का."

"मी उत्तरच देणार नाही."

"तू? गप्प बसणार?"

आई हसली. अप्पा हळदीच्या अडतीवरनं नुकतेच आले होते, हातपाय पिवळे, तेपण हसले. मी ताट सरकवलं आणि उठलो.

"तुझ्याशिवाय कोणाचा हात मला माहीत नाही रे," अक्का मागून म्हणाली. "नक्कल करायची तरी कोणाची करू?"

आता ह्यावर माणसानं चिडावं का काय करावं.

*

रुबीना इनामदार मॅडम पुण्याहून कोपर घेऊन आल्या. त्या इंजिनीअर, स्वतः व्हीलचेअरवर. आमच्या दाराला पायऱ्या आहेत, तिथं मी आणि अप्पांनी त्यांची चेअर उचलली, तर म्हणाल्या, "इतके देश फिरले मी. विमानात शिरायला त्रास होत नाही, लोकांच्या घरात शिरायला होतो."

पुढच्या आठवड्यात अप्पांनी लाकडाची उतरती फळी करून घेतली. ते असं काही बोलत नाहीत, करतात.

खोक्यातनं कोपर निघालं. कमरेला बांधायचा रुंद पट्टा आणि त्याच्या बाजूला मऊ कापडात गुंडाळलेला हाताचा एक तुकडा, दंडाचा अर्धा आणि मनगटापर्यंतचा अर्धा. आत हवेच्या बारीक नळ्या. नळीत हवा भरली की ती फुगते आणि आखूड होते, आपला स्नायू आखडतो तशी. अशा पुष्कळ नळ्या मिळून ते पुढं होतं, मागं येतं, घट्ट होतं, ढिलं पडतं. पट्ट्यावर शर्टाच्या बटणाएवढे कॅमेरे आणि माईक.

"हे बोलत नाही?" मी विचारलं.

"बोलणारी यंत्रं आधी करून झाली. डावीकडे वळा, उजवीकडे वळा. पण ज्याला दिसत नाही त्याचे कान आधीच कामात असतात. आता तर रिक्षा सगळ्या विजेच्या, आवाजच नाही त्यांना. अशात कानाशी यंत्र बडबडत बसलं की माणूस आपटतो."

"म्हशीवर," अक्का म्हणाली.

मॅडमनी माझ्या हातावर एक लांब बाही चढवली. आतून गार गार टिकल्या होत्या. "पहिल्यांदा आम्ही हजारो लोकांच्या हातांची सरासरी काढून कोपर बनवलं," त्या सांगत होत्या. "बिनचूक चालायचं. पण धरणारा त्याच्यावर विश्वासच ठेवेना. हजारोंचा हात म्हणजे कोणाचाच हात नाही. म्हणून आता एकाच माणसाकडून शिकवतो. ज्याच्या हाताची धरणाऱ्याला सवय आहे, त्याच्याकडून."

"म्हणजे मी जे सांगतो ते हे ऐकणार."

"तू सांगतोस ते नाही. तुझा स्नायू हलायच्या आधी त्यात वीज खेळते. खड्डा दिसला की तू थांबायच्या आधी, थांबावं असं तुझ्या मनात यायच्याही आधी, दंड किंचित आवळतो. ते तुला कळत नाही. तिच्या बोटांना कळतं. ह्या टिकल्या तेवढंच टिपतात, आणि त्या वेळी समोर काय होतं ते बाहीवरचा कॅमेरा टिपतो. दोन्ही जोडून कोपर शिकतं."

"थांबा. म्हणजे मी खड्डा म्हणायच्या आधीच हिला कळलेलं असतं?"

"हो."

"मग इतकी वर्षं मी ओरडत होतो ते?"

"मी तेच म्हणत होते," अक्का म्हणाली.

ती बाही घालून मी आणि अक्का महिनाभर मिरज हिंडलो. लक्ष्मी मार्केट, स्टेशन, दर्ग्याजवळची गर्दी, गणेश तलाव. उन्हात, पावसात, बाजाराच्या दिवशी. रोज संध्याकाळी दिवस कलला की आम्ही झपाझप घराकडं यायचो, कारण आई ताट वाढून दारात उभी असायची. बाही सगळं टिपत होती. मला वाटत होतं ती खड्डे शिकतेय.

मग चाचणीचा दिवस आला. अक्काच्या कमरेला कोपर, एका हातात काठी. मी मागं. मॅडम त्यांच्या चेअरवर, मांडीवर स्क्रीन. अक्का चालायला लागली. ते कोपर माझ्यासारखंच चालत होतं. रिक्षावाल्यानं आडवी घातली की जरा पुढं घुसत होतं, रागानं, तेपण माझंच. अक्का हसत होती. ती रस्त्यात एकटी हसतेय असं मी कधी बघितलं नव्हतं.

मार्केटच्या पुढच्या चौकात कोपर अचानक डावीकडं बोळात वळलं.

"इथनं का?" अक्का थांबली. "सरळ गेलं की कॉलेज."

"गटाराचं काम चाललंय," मी मागनं म्हणालो.

"अजून?"

"अजून."

गटाराचं काम दोन वर्षं चाललंय म्हटलं तर आमच्याकडं कोणीपण विश्वास ठेवतं. मॅडमनी सरळ रस्त्याकडं बघितलं. रस्ता मोकळा होता. मग माझ्याकडं बघितलं. मी असा चेहरा केला की त्या गप्प बसल्या. मला नंतर म्हणाल्या, "गावातली वाट आहे, असू दे. फिनलंडमध्ये कुठं हा बोळ येणार आहे?"

तिथंच त्या चुकल्या. आणि मीपण.

कारण तो रस्ता माझ्या शाळेवरनं जातो. नववीत असताना मी अक्काला आधी कॉलेजला सोडायचो आणि मग शाळेत पोचायचो, त्यामुळं रोज उशीर. गणिताचे कुंभोजकर सर मला वर्गाबाहेर उभं करायचे. एक दिवस वर्ग भरलेला असताना म्हणाले, "आली का बहिणीची काठी. काठीला कशाला हवं गणित, कोपऱ्यात टेकून ठेवा." सगळी पोरं हसली. मी दप्तर त्यांच्या टेबलावर आपटलं, तिथल्या शाईच्या बाटलीचं काय झालं ते बघितलं नाही, आणि निघून आलो ते आलोच. घरी सांगितलं कंटाळा येतो. अक्काला खरं सांगितलं असतं तर तिनं माझं कोपर त्या दिवशीच सोडलं असतं.

*

ओउलूहून पहिले काही फोन नुसते कौतुकाचे. बर्फ म्हणजे चालताना पायाखाली साबुदाणा चिरडल्यासारखा आवाज येतो. पोरं बर्फातपण सायकलीनं शाळेत येतात. मराठीतले पाढे टाळ्यांवर म्हणायला शिकलीत, अर्थ माहीत नाही, पण बे दाहे वीसला सगळी उड्या मारतात. बँकेत गेली तर बाई तिच्याशीच बोलली.

"आणि ऐक," अक्का म्हणाली, "दुपारी एक वाजला की कोपर मला घराकडं ओढतंय."

"का?"

"इथं थंडीत दोनला दिवस मावळतो. तुझ्या हाताला वाटतंय आई ताट वाढून उभी आहे."

आई एवढी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाली, "मग जेवती का वेळेवर?"

"दुपारी दोनला रात्रीचं जेवण, आई. इथले लोक बघत बसतात."

पण मग फोन छोटे व्हायला लागले. मी ओळखतो. अक्का गोड बोलायला लागली की काहीतरी बिघडलेलं असतं. शेवटी मी मॅडमना फोन लावला आणि सरळ विचारलं.

"शाळा," मॅडम म्हणाल्या. "कोपर तिला शाळेत जाऊ देत नाहीये. घर, दुकान, बस, सगळीकडं झकास. शाळा जवळ आली, पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं दिसली, त्यांचा गलका ऐकू आला, की दगडासारखं घट्ट होतं आणि वळतं. रोज कोणीतरी कोपऱ्यापर्यंत येऊन तिला हाताला धरून आत नेतं."

"मग काठीनं जाऊ दे की."

"बर्फात काठीला कड लागत नाही. फूटपाथ, रस्ता, बाग, सगळं एकसारखं पांढरं आणि मऊ. म्हणून तर कोपर दिलं."

पाठीवर दप्तर घेतलेली पोरं जगात कुठंही सारखीच दिसत असणार.

"पुसून टाका ना तेवढं," मी म्हणालो.

"भाजीत पडलेलं मीठ काढता येतं का? वरून पाणी घालावं लागतं. त्याच हातानं शाळेवरून शांतपणे चालायला हवं. पुन्हा पुन्हा. मग ते नवं शिकेल. तिकडचे लोक ह्या महिन्याअखेर ठरवणार आहेत. जमलं नाही तर सोबतीला माणूस बोलावणार. तुझं तिकीट तयार आहे, भरतेश."

आता हे बघा. मला जे पाहिजे होतं ते घरी चालून आलं होतं. विमान, बर्फ, सगळं. मी काहीच करायचं नव्हतं. नुसतं काही न करता बसायचं होतं, आणि त्यात माझा हात कोण धरणार?

त्याच दिवशी अक्काचा फोन आला.

"गटाराचं काम कधी संपणार, भरू?"

मी फोन एका कानावरनं दुसऱ्या कानावर घेतला.

"कंटाळा आलेल्या माणसाचा हात असा होत नाही. रोज सकाळी, त्याच जागेवर. मी तुला धरून चालत होते तेव्हा मार्केटच्या आवाजात मला कळलं नाही. इथं सगळं इतकं शांत आहे की तुझी भीती बोटात येऊन बसते. काय झालं होतं शाळेत?"

"काही नाही."

"माझ्यामुळं काही झालं होतं?"

"काही नाही म्हटलं ना."

"बरं." मग ती म्हणाली, "ये तू. देतायत तिकीट. मला नाही जमलं."

ती हे हसत म्हणाली, पण तो आवाज मला माहीत आहे. बँकेतला माणूस मला विचारतो ना, ह्यांना सही येते का, तेव्हा ती मधेच हळू म्हणते, येते हो. तो आवाज.

"आठ दिवस थांब," मी म्हणालो आणि फोन ठेवला. का म्हणालो ते ठेवल्यावर कळलं.

*

माझ्याकडंच राहिलेली बाही घातली आणि शाळेसमोरनं चाललो. एकदा, दोनदा, पाचदा. खांदे पाडून, शीळ घालत. लोक बघत होते. बाही टिपते ते सगळं पुण्यात मॅडमच्या स्क्रीनवर दिसतं, त्यांचा फोन आला.

"नाटक करतोयस."

"शांत चाललोय मी."

"तुझा चेहरा शांत असेल. स्नायूला नाटक येत नाही. शिवाय एकटा चालतोयस. कोणी धरलेलं नसलं की तुझा हात वेगळा असतो. त्यात रस्ता दाखवणं नसतंच, नुसता तू असतोस."

"मग कोणाला आणू? डोळे मिटून माझ्याबरोबर कोण येणार?"

आई मागं उभी राहून ऐकत होती. तिनं हातातली कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली, कपाटातनं अक्काचा जुना स्कार्फ काढला आणि माझ्या हातात दिला. "बांध."

आईला घेऊन मी निघालो. डोळ्यांवर निळा स्कार्फ, एका हातात माझं कोपर, दुसरा हात हवेत. पहिल्या वळणापर्यंत तिनं मला एवढं करकचून धरलं की मुंग्या आल्या. "पोरगी असं रोज चालती?" असं दोनदा म्हणाली.

लक्ष्मी मार्केटमध्ये आमची नेहमीची भाजीवाली म्हणाली, "काय वहिनी, नवस बोललाय काय?"

"नवस कसला, फिनलंडला चाललोय," आई म्हणाली.

चौकात मी बोळाकडं वळलो नाही. सरळ गेलो. शाळेची भिंत लागली तसा माझा दंड आपोआप आवळला.

"काय आलं रे?" आई लगेच थांबली.

"शाळा."

"मग? शाळेला शिंगं आहेत का?"

शाळा सुटून गेली होती, जादा तासाची दहावीची पोरं तेवढी आत जात होती. आणि गेटाच्या छोट्या दारातनं वाकून कुंभोजकर सर बाहेर आले. केस पांढरे झाले होते. चष्मा तोच.

"मगदूम?" सर म्हणाले. मग आईच्या डोळ्यांवरचा स्कार्फ बघून पुढं काय म्हणायचं ते विसरले.

"कोण बोलतंय?" आईनं विचारलं.

"कुंभोजकर. ह्याला गणिताला होतो मी."

आईनं माझं कोपर दाबून बघितलं, पिकलंय का ते आंबा दाबून बघतात तसं. "तुम्हीच होय. तुमचं नाव ऐकून ह्याचा हात बघा कसा झालाय. काय केलंत हो माझ्या पोराला?"

आता मी बोलणार होतो. तोंडात सगळं तयार होतं, दोन वर्षं घोळवलेलं. पण सरच बोलले.

"मी ह्याला काठी म्हणालो होतो. बहिणीची काठी." खाली बघत होते. "पोरं हसली. मला वाटलं राग गेला की उद्या येईल."

"मला वाटलं कोणीतरी बोलवायला येईल," मी म्हणालो. हे माझ्या तयारीत नव्हतं.

आईचे डोळे बांधलेले, त्यामुळं तिच्या मनात काय चाललंय कळेना. मग तिनं हनुवटी वर केली. गालावर ऊन शोधत होती.

"दिवस कलला का रे?"

"कलला."

"मग तुमचं काय ते नंतर बघा. मला घरी जाऊन भात टाकायचाय." तिनं स्कार्फ सोडला, डोळे चोळले आणि सरांकडं बघितलं. "सर, तुम्ही धरा ह्याचं कोपर."

"मी?"

"डोळे मिटा आणि धरा. माझ्या पोरीला शाळेत जायचंय."

सरांना ह्यातलं काही कळलं असेल असं मला वाटत नाही. पण माझी आई त्या आवाजात बोलली की अप्पापण प्रश्न विचारत नाहीत. सरांनी चष्मा काढून खिशात घातला, डोळे मिटले आणि हात पुढं केला. मी कोपर दिलं. आई पदर खोचून निघूनपण गेली.

त्यांनी कोपर दोन्ही हातांनी धरलं. आई सोडली तर मला धरणारा माणूस घाबरलाय, हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं. अक्का कधी घाबरत नाही. आम्ही चालायला लागलो. समोर दिव्याचा खांब होता. लोखंडी, हिरवा, बरोबर सरांच्या रेषेत. मी तो बघितला. मला ह्या माणसाला काही करायचं नव्हतं. नुसतं काही न करता चालत राहायचं होतं. खांबानंच बाकीचं केलं असतं.

आणि मी हे ठरवतोय तोवर माझा हात बाजूला झाला होता. सर खांबाच्या कडेनं नीट निघून गेले. त्यांना खांब होता हेपण कळलं नाही.

मला माझ्या हाताचा लई राग आला. मग हसू आलं. मॅडम म्हणाल्या होत्या, मनात यायच्या आधी. माझ्या मनात काय येतं ह्याची माझ्या हातानं वाटच बघितली नव्हती.

गेटाच्या छोट्या दाराला खाली लोखंडी पट्टी आहे, घोट्याएवढी उंच. तिथं मी कोपर जरा वर घेतलं. सरांनी पाय उचलला. मी काही बोललो नव्हतो.

आम्ही शाळेत शिरलो.

पोरं बघत होती. कोणीतरी खिदळलं. "हसायचं काम नाही," सर डोळे मिटूनच म्हणाले, "दिसतंय मला." मैदानाला एक चक्कर मारली, पाण्याच्या टाकीपाशी गेलो, नववीच्या वर्गासमोरनं आलो. परत गेटापाशी आल्यावर सरांनी डोळे उघडले. घाम आला होता त्यांना.

"उद्या येशील?" सर म्हणाले.

"हात धरायला कोणीतरी लागतंय मला."

"मी आहे की."

*

आम्ही रोज चाललो. जादा तास सुटायच्या वेळी, गर्दीत, ढकलाढकलीत. सरांना गप्प चालता येत नाही, त्यामुळं ते डोळे मिटून मला बीजगणित घालत राहायचे. "एका बाजूचं दुसऱ्या बाजूला नेलं की काय बदलतं, मगदूम?" मी म्हणायचो, "चिन्ह, सर. आणि पुढं नाली आहे." एकदा आमचं कडाक्याचं भांडणपण झालं. ते काठीवरनं माफी मागायला लागले आणि मी म्हणालो, मागू नका, मागितली की मला चिडता येत नाही. ते म्हणाले, मग चिड आणि वर्गमूळ सांग.

मॅडमचा मेसेज आला. "आता हात खरा वाटतोय. नवं शिकलेलं रात्रीतून तिच्या कोपरात पाठवते."

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्काचा फोन. तिकडं सकाळ, अजून अंधारच. मी फोन उचलला तर नुसता पोरांचा गलका ऐकू आला, आणि टाळ्या.

"आत आहे मी," अक्का म्हणाली. "एकटी आले."

मी विचारलं, "म्हैस लागली का वाटेत?"

"नाही. पण एक सांग. इथं शाळेला कंपाउंड नाही, गेट नाही, काही नाही. मोकळं आहे. तरी आत शिरताना एका जागी कोपर थांबलं, जरा वर उचललं. मी पाय उचलून टाकला. खाली काहीच नव्हतं. ते काय होतं?"

मी सांगितलं. छोटं दार, लोखंडी पट्टी, सर, आई, सगळं. काठीचंसुद्धा. मला वाटलं आता अक्का रडणार किंवा ओरडणार.

"मला सांगितलं असतंस तर मी कॉलेजला एकटी गेले असते," ती म्हणाली.

"म्हणून तर नाही सांगितलं."

"गाढव आहेस."

"ह्याच गाढवाचं कोपर धरून गेलीस ना आत?"

त्यावर ती नुसतं "गेले" म्हणाली. असं फार क्वचित होतं, म्हणून मी ते इथं लिहून ठेवतोय.

आता तिकडं गंमत अशी झालीय की पोरं रोज तिच्या मागं रांगेनं येतात, आणि त्या जागेवर पोचली की सगळी पाय उचलून पलीकडं टाकतात. फिनलंडच्या बर्फात, नसलेल्या पट्टीवरनं. मॅडम म्हणाल्या, तो उंबरा काढून टाकता येईल, आणखी थोडं शिकवावं लागेल. अक्का म्हणाली, राहू दे. दिवस मावळताना घराकडं ओढतं तेही राहू दे, तेवढं आईचं आहे.

माझं तिकीट रद्द झालं. दोन दिवस वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मेमध्ये तिकडची एक मुलगी अदलाबदलीत मिरजेला येतेय, आइनो नाव तिचं. तिलाही दिसत नाही. आमच्याच घरी राहणार आहे, आणि तिनं कळवलंय की तिला मशीन नको, मिरजेची गर्दी खऱ्या कोपरानं बघायचीय. आईनं आत्तापासून विचारून ठेवलंय, तिच्या गावात उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही म्हणे, मग ती जेवते कधी. आइनोशी बोलायचं तर इंग्रजी पाहिजे. माझं इंग्रजी म्हणजे पासपोर्टवरच्या फोटोसारखं आहे. म्हणून बाहेरून दहावीला बसतोय. म्हणून म्हणजे फक्त तेवढ्यासाठी, असं मी सरांना सांगितलंय.

दहावीचं गणितपण आम्ही तसंच चालता चालता करतो. आता पाच वाजत आलेत. सर गेटापाशी येऊन चष्मा खिशात घालतात आणि डोळे मिटून उभे राहतात. मला उशीर झाला तर डोळे उघडावेत एवढं त्या माणसाला सुचत नाही, तसेच चालायला लागतात. परवा सायकल स्टँडवर गेले. मला आता निघायला पाहिजे.